ग्रोथ प्रमोटरची पुडी आणि इंदूरचा गोठा : पशुखाद्यातली ‘वाढीची औषधे’ म्हणजे नेमकं काय?

इंदूर : पशुखाद्याच्या दुकानात जाऊन ‘ग्रोथ प्रमोटर’ मागितला की काउंटरवर जे येतं त्यात निदान चार वेगळ्या जातीच्या वस्तू असतात. कुणी जीवनसत्त्वांची बाटली देतो, कुणी खनिज मिश्रण, कुणी यीस्टची पुडी. आणि कधी कधी कोंबड्यांच्या खाद्यात घालायचं औषधी प्रिमिक्स. वरचं नाव एक, आतला माल वेगळा. किंमतही वेगळी, आणि चूक झाली तर होणारं नुकसान तर फारच वेगळं.

हा शब्द मुळात आपल्या गोठ्यातला नाही. तो आला अमेरिकेतल्या मांसासाठीच्या गुरांच्या फीडलॉटमधून. इंदूर, उज्जैन, खंडवा, बऱ्हाणपूर असो की सीमेपलीकडचं रावेर, चोपडा, शिरपूर. इकडे फीडलॉट नाहीत आणि गोवंशाच्या बाबतीत ते होणारही नाहीत. मध्य प्रदेशात २००४ चा गोवंश वध प्रतिषेध अधिनियम आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यातली दुरुस्ती मार्च २०१५ पासून लागू झाली आणि गाईबरोबर बैल, वळूही त्यात आले. तरीही फीडलॉटसाठी बनलेली रसायनं आणि त्याहून जास्त म्हणजे त्यांची जाहिरातीची भाषा गोठ्यापर्यंत पोचली आहे. त्यामुळे ती कुठे जन्मली, जनावराच्या पोटात काय करतात आणि दोन-चार म्हशींच्या हिशेबात बसतात का, हे एकदा नीट मांडून घेणं बरं.

फीडलॉट म्हणजे काय

अमेरिकेतल्या टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्का या राज्यांत चराईवर वाढलेली वासरं साधारण ३०० ते ३५० किलोची झाली की मोकळ्या कुंपणात आणून ठेवतात. एका ठिकाणी हजारो, कुठे लाखाच्या आसपास जनावरं. पुढचे चार ते सहा महिने त्यांना मुख्यतः मक्याचा खुराक. रोजच्या खाण्यात धान्याचा वाटा ८० टक्क्यांच्या वर जातो, चारा नावापुरता. सहाशे किलोच्या आसपास वजन झालं की विक्री.

या धंद्यात एकच आकडा राजा आहे : एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं. समजा सहा किलो लागतं. एखाद्या औषधाने त्यात ६ टक्के बचत झाली, तर किलोमागे ३६० ग्रॅम वाचले. एका जनावराने २५० किलो वजन धरलं तर ९० किलो खाद्य वाचलं. लाख जनावरांचा फीडलॉट असेल तर ९,००० टन. औषधाची किंमत यापुढे किरकोळ. सगळं गणित या एका आकड्यावर उभं आहे, हे ध्यानात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

दुसरी बाजूही आहे. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट गवतासाठी बनलेलं. त्यात एवढं धान्य गेलं की आम्ल वाढतं, पोट फुगतं, यकृतात गळवं होतात. म्हणजे फीडलॉटमधली बरीचशी औषधं वाढीइतकीच या खुराकाने होणारं दुखणं आवरण्यासाठी असतात.

सुरुवात कोंबड्यांपासून

खाद्यातल्या प्रतिजैविकांची गोष्ट सुरू होते ती अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्याच काळात, १९४८ मध्ये, बेंजामिन डग्गर यांनी शोधलेलं ऑरिओमायसिन, म्हणजे क्लोरटेट्रासायक्लिन, जगासमोर आलं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. नंतर तिथल्याच थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी हे औषध तयार करताना उरणारा चोथा कोंबडीच्या पिल्लांना घालून पाहिला. हेतू होता बी-१२ जीवनसत्त्व मिळवण्याचा. पिल्लं मात्र अपेक्षेपेक्षा भराभर वाढली. कारण शोधता शोधता लक्षात आलं की चोथ्यात शिल्लक राहिलेलं औषधच हे काम करतंय. १९५० च्या सुमारास बातमी बाहेर आली आणि काही वर्षांत कोंबडी, डुक्कर, गुरं सगळ्यांच्या खाद्यात प्रतिजैविकं जाऊ लागली.

धोक्याची घंटाही लवकर वाजली. ब्रिटनमधल्या स्वान समितीने १९६९ मध्ये सांगितलं की माणसाला लागणारी औषधं जनावरांच्या वाढीसाठी वापरू नयेत. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविकं बंद केली. युरोपीय संघाने उरलेली चार, त्यात मॉनेन्सिनही होतं, १ जानेवारी २००६ पासून काढली. अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून माणसाच्या उपचारात महत्त्वाच्या असलेल्या प्रतिजैविकांचा निव्वळ वाढीसाठी वापर थांबवला. रोगासाठी, पशुवैद्यकाच्या सांगण्यावरून, तो अजून चालतो. आणि ही पळवाट मोठी आहे असं म्हणणारे तिथेही कमी नाहीत.

फीडलॉटच्या डब्यात असतं काय

सगळ्यात जास्त चालणारं औषध मॉनेन्सिन. जमिनीतल्या स्ट्रेप्टोमायसिस कुळातल्या एका जिवाणूपासून हे मिळतं. अमेरिकेत आधी १९७१ मध्ये कोंबड्यांच्या कॉक्सिडिओसिससाठी, म्हणजे रक्ती हगवणीसाठी, त्याला परवानगी मिळाली. १९७५ च्या अखेरीस फीडलॉटच्या गुरांसाठी. दुभत्या गाईंसाठी थेट २००४ मध्ये. माणसाच्या उपचारात ते वापरत नाहीत, म्हणून २०१७ च्या अमेरिकी नियमातून सुटलं.

ते काम कसं करतं? गुराच्या मोठ्या पोटात कोट्यवधी जिवाणू चारा आंबवतात आणि त्यातून तीन मुख्य आम्लं निघतात : ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक. जनावराची बरीचशी ताकद यातूनच येते. मॉनेन्सिन काही ठरावीक जिवाणूंच्या भिंतीतून सोडियम आत घुसवतं. ते जिवाणू सोडियम बाहेर फेकण्यातच दमतात आणि मागे पडतात. मग प्रोपिओनिक वाढतं, ॲसिटिक घटतं, ढेकरातून वाया जाणारा मिथेन वायू थोडा कमी होतो. तेवढ्याच खाद्यातून जास्त ऊर्जा जनावराच्या पदरात पडते. फीडलॉटमधल्या अनेक प्रयोगांची एकत्र सरासरी काढली तर किलोमागे लागणारं खाद्य ६ ते ७ टक्क्यांनी घटतं. लक्षात घ्या, वजन वाढण्याचा वेग फार वाढत नाही, दोन-अडीच टक्केच. जनावर खातं कमी आणि वाढतं जवळपास तेवढंच. ‘पावडर घातली की जनावर फुगतं’ ही समजूत इथेच पडते.

दुसरं टायलोसिन. यकृतातली गळवं रोखण्यासाठी. हे एरिथ्रोमायसिनच्या नात्यातलं आहे, म्हणून माणसातल्या औषध-प्रतिकाराच्या चर्चेत त्याचं नाव सतत येतं.

तिसरा गट बीटा-ॲगोनिस्टचा : रॅक्टोपामिन आणि झिल्पाटेरॉल. दम्याच्या पंपात जे साल्ब्युटामॉल असतं त्याच्या कुळातली ही रसायनं. चरबीकडे जाणारी ऊर्जा मांसाकडे वळवतात. रॅक्टोपामिन गुरांना शेवटचे २८ ते ४२ दिवस देतात. युरोप, चीन आणि रशियाने ते नाकारलं. अन्नाची जागतिक मानकं ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगात जुलै २०१२ मध्ये त्याची मर्यादा ठरवताना मतदान झालं, निकाल ६९ विरुद्ध ६७. शास्त्राच्या प्रश्नावर दोन मतांनी निर्णय, हे कोडेक्समध्ये क्वचितच घडतं. झिल्पाटेरॉलचं तर २०१३ मध्ये वेगळंच झालं : ते खाल्लेली काही गुरं कत्तलखान्यात पोचेपर्यंत पायांनी अधू झालेली दिसू लागली, एका बड्या मांस कंपनीने अशी जनावरं घेणं थांबवलं आणि त्याच वर्षी उत्पादकाने अमेरिकेतली विक्री थांबवली.

याच कुळातलं क्लेनब्युटेरॉल मात्र खाद्यात चोरून घातलं जातं. स्पेनमध्ये १९९० मध्ये अशा गुरांचं यकृत खाऊन १३५ माणसं आजारी पडली. हातपाय थरथरणं, छाती धडधडणं अशी लक्षणं. जिममध्ये ‘फॅट बर्नर’ म्हणून हेच नाव अधूनमधून ऐकू येतं, ते उगीच नाही.

हार्मोनच्या गोळ्या कानाच्या कातडीखाली बसवतात, खाद्यात नसतात. आपल्याकडे ज्याची जास्त बोंब होते ते ऑक्सिटोसिनही इंजेक्शन आहे आणि ते वाढीचं नव्हे, पान्हा सोडण्याचं. ही दोन्ही या लेखाच्या विषयाबाहेरची.

मग इंदूरच्या गोठ्यात त्याचं काय

इथल्या शेतकऱ्याचं उत्पन्न मांसाच्या किलोवर नाही, दुधाच्या फॅटवर आहे. आणि गोम इथेच आहे.

दुधातली चरबी तयार व्हायला पोटातलं ॲसिटिक आम्ल लागतं. मॉनेन्सिन नेमकं तेच घटवतं. दुभत्या गाईंवरच्या प्रयोगांची एकत्र सरासरी सांगते की दूध सुमारे २.३ टक्के वाढतं आणि फॅट सुमारे ०.१३ अंकाने पडते. आता हिशेब मांडू. गाय १० किलो दूध देते, फॅट ४.०. म्हणजे रोजची चरबी ४०० ग्रॅम. औषध दिल्यावर दूध १०.२३ किलो, फॅट ३.८७, चरबी ३९६ ग्रॅम. डेअरी पैसे फॅटवर मोजत असेल तर दूध वाढूनही हातात येणारा पैसा होता तिथेच, वर औषधाचा खर्च. म्हशीच्या दुधाचा तर सगळा भाव फॅटचा. शिवाय हे आकडे परदेशी, धान्यावर पोसलेल्या, भरपूर दूध देणाऱ्या होल्स्टिन गाईंचे आहेत. गव्हाचा भुसा, सोयाबीनचं कुटार आणि ज्वारीचा कडबा खाणाऱ्या आपल्या जनावरात नेमका तेवढाच फरक पडेल असं धरता येत नाही.

मॉनेन्सिन दुभत्या जनावराला कधीच उपयोगी नाही असंही नाही. व्याल्यानंतर जास्त दुधाच्या गाईला जो केटोसिस होतो, तो टाळायला युरोपातही २०१३ पासून पोटात ठेवायच्या मॉनेन्सिनच्या गोळीला परवानगी मिळाली. पण ती पशुवैद्यकाने निवडलेल्या गाईला, मोजून मापून. सरसकट घमेल्यात पावडर टाकणं आणि हे, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

चमचाभर प्रिमिक्स

भारतात मॉनेन्सिन, सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन ही औषधं प्रामुख्याने ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात असतात. कोंबडीला ती चांगली सोसतात. इतरांना नाही. मॉनेन्सिनची निम्मी जनावरं मरतील अशी मात्रा शरीराच्या दर किलो वजनाला कोंबडीत सुमारे २०० मिलिग्रॅम, गुरांत २० ते ८०, शेळीत २६ च्या आसपास, आणि घोड्यात फक्त २ ते ३.

ब्रॉयलरच्या एका किलो खाद्यात साधारण १०० मिलिग्रॅम मॉनेन्सिन असतं. लग्नाच्या वरातीतला ३०० किलोचा घोडा त्यातलं सहा किलो खाऊन गेला तर ६०० मिलिग्रॅम पोटात, म्हणजे जिवावरची मात्रा. त्याहून कमी खाल्लं तरी हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते. कोंबडीखाद्याचं उरलेलं पोतं घोड्यापुढे ओतू नये, ते यासाठी.

प्रिमिक्स तर त्याहून वाईट. १० टक्क्यांचं प्रिमिक्स धरलं तर १० ग्रॅममध्ये १,००० मिलिग्रॅम औषध. २५ किलोच्या बोकडाला त्यातले सहा-सात ग्रॅम घातक मात्रेत नेतात, ६० किलोच्या वासराला बारा ग्रॅम. चहाचा चमचा दोन-तीनदा भरला की झालं. फीडलॉटमध्ये मोठ्या जनावराला दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅम मिळतं, म्हणजे याच प्रिमिक्सचे दोन ते चार ग्रॅम, आणि ते यंत्राने कित्येक किलो खाद्यात एकसारखं कालवलेलं असतं. गोठ्यात हाताने कालवताना ते एका कोपऱ्यात राहिलं आणि तो कोपरा एकाच जनावराच्या वाट्याला आला, तर दोष कुणाला देणार?

लक्षणं अशी : जनावर खाणं सोडतं, हगवण, मागचे पाय लटपटतात, घोड्याला दरदरून घाम, कधी लघवी तांबूस-काळसर. काही वेळा लक्षणं दिसायच्या आत जनावर पडतं. यावर उतारा म्हणून देता येईल असं औषध नाही. खाद्य ताबडतोब काढून घेणं आणि डॉक्टरला बोलावणं एवढंच हातात. कोंबड्यांना छातीच्या विकारासाठी देतात ते टायामुलिन मॉनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिनबरोबर गेलं तर शरीर ही औषधं बाहेर टाकू शकत नाही, आणि कोंबड्यासुद्धा मरतात.

एकच गिरणी सकाळी कोंबडीखाद्य आणि दुपारी गुरांचं खाद्य बनवत असेल, तर मधे मिक्सर साफ होतो का, हा प्रश्न विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. बहुतेक जण विचारत नाहीत.

कायदा कुठे उभा आहे

वाढीसाठीच्या प्रतिजैविकांवर भारतातली सगळ्यात ठोस कारवाई कोलिस्टिनवर झाली. माणसाच्या अतिदक्षता विभागातलं हे शेवटच्या फळीचं औषध कोंबड्यांना वाढीसाठी दिलं जात होतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ जुलै २०१९ च्या अधिसूचनेने अन्नासाठी पाळलेल्या सगळ्या जनावरांसाठी त्याचं उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केलं. त्याआधी २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले होते. ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. चर्चा तिथून पेटली.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, दूध, मांस, अंडी यांतल्या औषधी अंशांच्या मर्यादा ठरवल्या आहेत आणि २०२४ मध्ये केलेली त्यांची दुरुस्ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. शेतकऱ्याच्या रोजच्या कामाचा नियम मात्र जुना आहे, २०१२ चा : अन्नासाठीच्या जनावरांच्या औषधावर ‘विथड्रॉवल पीरियड’, म्हणजे औषध थांबवल्यानंतर किती दिवस दूध किंवा मांस वापरायचं नाही, ते छापलेलं हवं. औषधावर तसं ठरवलेलं नसेल तर दूध-अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि कोंबडी व जनावरांच्या मांसासाठी २८ दिवस धरायचे. गोठ्यात किती जण हे पाळतात ते विचारून बघा.

तयार पशुखाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस २०५२ हे मानक आहे. त्यात प्रथिनं, स्निग्धांश, तंतू यांच्या अटी आहेत आणि अफ्लाटॉक्सिन बी-१ या बुरशीच्या विषाची मर्यादा १०० कोटी भागांत २० भाग. ही शेवटची अट माळवा-निमाड-खानदेशाला जास्त लागू पडते. पावसाळ्यात ओल धरलेली सरकी ढेप (इंदूरकडे कपास्या खली म्हणतात तीच), मका, शेंगदाणा पेंड यांवर ही बुरशी धरते. जनावराने ती खाल्ली की विषाचा काही अंश रूप बदलून दुधात उतरतो. दुधातली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. वाढीच्या पावडरीवर पैसे घालणाऱ्याने आधी ढेपेचं पोतं फोडून वास घ्यावा. काळी-हिरवी छटा आणि कुबट वास असेल तर तीच वाढ खुंटायचं एक कारण असू शकतं.

वाढ खरी कुठे अडते

इंदूर हे देशातल्या सोयाबीनचं मोठं केंद्र. सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था इथे, सोयाबीन प्रक्रिया उद्योगाची संघटना सोपा इथली. तेल काढल्यावर उरणारी सोया डीओसी हे जगभरच्या पशुखाद्याचं उत्तम प्रथिन. ती आपल्या दारात आहे. एक अडचण एवढीच की तिच्यातलं बरंचसं प्रथिन मोठ्या पोटातच विरघळतं. म्हणून जास्त दुधाच्या जनावरासाठी तिच्यावर प्रक्रिया करून ‘बायपास’ प्रथिन करतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने हे तंत्र देशात रुजवलं. सरकी ढेपेतलं प्रथिन निसर्गतःच थोडं जास्त पुढे जातं. दोन्ही मिसळून देणारा जुना जाणता गवळी शास्त्र न वाचताही बरोबरच होता.

मांसासाठी वाढवायचं जनावर म्हणून या भागात उरतात बोकड आणि म्हशीचा पाडा. भारत म्हशीच्या मांसाच्या मोठ्या निर्यातदारांत आहे, तरी ती जनावरं फीडलॉटमधून येत नाहीत. भाकड म्हशी आणि कसेबसे वाढलेले रेडे असतात. पाड्याला दूध परवडत नाही म्हणून तो लहानपणीच मरतो. केंद्राने अकराव्या पंचवार्षिक योजनेत पाडे वाचवून वाढवण्याची योजना आणली होती, ती याच कारणाने.

पाडा काय, पारडी काय, मरतात ती पहिल्या तीन महिन्यांत. आणि तिथे कुठलाही ग्रोथ प्रमोटर कामाचा नाही. कामाचा आहे चीक. जन्मल्यापासून पहिल्या काही तासांत, वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. घरात खरवस व्हावा म्हणून पहिला चीक काढून घेणं म्हणजे वासराच्या तोंडचं औषध काढणं. खरवस वासराचं भागल्यावर उरेल त्यातून. दुसरं म्हणजे जंत. म्हशीच्या वासरांना आईच्या दुधातूनच गोल जंत येतात, म्हणून पहिल्या पंधरवड्यातच डॉक्टरकडून जंतनाशक हवं. गावात पारडी पहिल्यांदा व्यायला चार वर्षं घेते, त्यातलं निदान काही महिन्यांचं नुकसान या दोन गोष्टींत आहे.

मग खनिज मिश्रण. वासराला दिवसाला २० ते २५ ग्रॅम, कालवडीला ५०, दुभतीला दुधाप्रमाणे १०० ते २००. ही खरं तर देशातली सगळ्यात स्वस्त ‘वाढीची पावडर’. पण ती ‘ग्रोथ प्रमोटर’ म्हणून विकली की दुप्पट भाव.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. यीस्टचा उपयोग होतो, जास्त खुराकाच्या जनावरात अधिक. खाण्याचा सोडा आम्लता आवरतो. बायपास फॅट व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत, जास्त दुधाला. लिव्हर टॉनिकची बाटली भूक लागेल या आशेवर जाते. मिथेन कमी करणाऱ्या पूरकांची नवी लाट आली आहे, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं ‘हरित धारा’ त्यातलंच.

भुशाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण माळव्यात गव्हाचा भुसा भरपूर आणि कसदारपणा शून्य. १०० किलो भुशाला ४ किलो युरिया ४० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडत, दाबून, प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचा. उघडल्यावर अमोनियाचा वास उडू द्यायचा आणि हळूहळू सवय लावायची. भुशातलं प्रथिन तीन टक्क्यांवरून सात-आठवर जातं आणि तो पचतोही जास्त. सहा महिन्यांखालच्या वासराला द्यायचा नाही. युरिया थेट आंबोणात मुठीने टाकायचा नाही, पाण्यात कालवून पाजायचा तर मुळीच नाही. जनावर तासाभरात तडफडून मरतं. घोड्याला युरियाचं काहीच नको, त्याचं पोट त्यासाठी नाही.

खाद्य आधी की औषध आधी, हा वाद इंदूरला नवा नाही. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून १९३१ पर्यंत इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ त्यांचीच, सगळ्यांना ठाऊक. कमी ठाऊक आहे ते हे की आपल्या शेतावरचे बैल कसदार जमिनीतला चारा खातात म्हणून त्यांना लाळ-खुरकत सहसा होत नाही, असं ते ठासून सांगत. आजच्या शास्त्राला ते एवढ्यावर पटणार नाही, आणि लाळ-खुरकतीची लस टाळायचं ते कारण मुळीच नव्हे. पण बैलांच्या दाव्यांपेक्षा त्यांच्या गव्हाणीकडे बघण्याची त्यांची सवय चांगली होती.

पुडी घेताना

घटकांची यादी नसलेली पुडी घ्यायची नाही. नावात ‘मायसिन’ किंवा ‘सायक्लिन’ आलं तर ते टॉनिक नव्हे, औषध आहे. मॉनेन्सिन, लॅसालोसिड, नॅरासिन, सॅलिनोमायसिन, मदुरामायसिन ही नावं दिसली तर ती कोणत्या जनावरासाठी आहे हे आधी वाचायचं. ‘फक्त कोंबड्यांसाठी’ असं असेल तर ती शेळी, म्हैस, घोडा यांच्यापासून लांब, वेगळ्या खोलीत. पोत्यावर आयएसआय चिन्ह, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख हवी. नवं खाद्य सुरू केलं त्या दिवसाची नोंद ठेवावी आणि पोत्यातलं अर्धा किलो बाजूला बांधून ठेवावं. जनावर दगावलं तर तपासायला तेच कामी येतं.

विचारायला जागाही आहे. इंदूरजवळ महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते आता जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाशी जोडलेलं आहे (नानाजी मूळचे हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे). आणि नवं खाद्य घातल्यावर जनावर अडखळलं, खाणं सोडलं, तर गव्हाण रिकामी करून फिरत्या पशुचिकित्सा पथकाला १९६२ या क्रमांकावर फोन करायचा. तो नर्मदेच्या या बाजूलाही लागतो, तापीच्या त्या बाजूलाही.